धरणारी

१२ जानेवारी

धाकट्या,

पत्र उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. माझं अक्षर पाहून तू ते तसंच कचऱ्यात टाकशील अशी भीती होती, म्हणून पाकिटावरचा पत्ता रंगाच्या दुकानदाराकडून लिहून घेतला. तुझा ठावठिकाणाही त्यानेच सांगितला. तू अजून त्याच्याकडूनच आखूड दांड्याचे ब्रश मागवतोस म्हणे. नऊ वर्षांत बहिणीला एक ओळ नाही, पण ब्रशासाठी पत्र. असो, भांडायला लिहीत नाहीये.

लुकडेकाका पडले. डिसेंबरच्या वीस तारखेला, छापखान्याच्या हॉलमध्ये, छताला दुसरा हात देताना. जिवावरचं खुब्यावर निभावलं. डॉक्टर म्हणतात काठीने चालतील, पण शिडी संपली. तीस वर्षं, आधी बाबांच्या आणि मग माझ्या कामावर राबलेला माणूस आता खाटेवर पडून इस्पितळाच्या छताकडे बघतो आणि तिथल्या रंगाऱ्याच्या चुका काढतो.

पडले ते म्हातारीवरून. हो, तीच, बाबांची चौदा पायऱ्यांची लाकडी शिडी. तू गेल्यावर ती मोडीत काढली असेल असं तुला वाटलं असणार. नाही काढली. कामं उंचावरची येत होती आणि एवढी लांब शिडी दुसरी नव्हती.

म्हणून हे पत्र. तू बसवलेली चौथी पायरी फिरली आणि बाबा गेले, असं सगळे म्हणत आले. तुझ्या तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण तू बहिरा नव्हतास. महिना व्हायच्या आत तू बॅग भरलीस आणि मी दारात उभी राहून बघत बसले, ते मला आयुष्यभर खात राहणार आहे. पण आता ऐक. लुकडेकाका पडले तेव्हा चौथ्या पायरीवर नव्हतेच, खूप वर होते. म्हणजे दोष पायरीचा नव्हता, आणि तुझा तर मुळीच नव्हता. दोष म्हातारीचा आहे.

हसू नकोस. बाबा काय म्हणायचे ते आठव. जी वस्तू माणूस रोज धरतो तिच्यात हळूहळू जीव उतरतो, आणि जीव उतरला की वस्तू शिकते. चांगला ब्रश कोपऱ्यात स्वतः वळतो, ते उगीच नाही. तू त्यांना म्हणायचास, मग तुमच्या चपलेने एकटीने जाऊन रंग आणावा. ते चिडायचे नाहीत. म्हणायचे, वाईट शिकवू नका म्हणजे झालं, कारण वस्तूला विसरता येत नाही.

म्हातारी बाबांना खाली टाकून शिकली. आता ती तेच करणार. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. जमलं तर उत्तर दे, नाहीतर ब्रशाच्या पत्रात दोन शब्द माझ्यासाठीही लिही.

तुझी ताई


३० जानेवारी

धाकट्या,

कार्ड मिळालं. माझ्यासाठी सहाच शब्द, मोजले. 'शिडीला काय बोलतेस. धरली होती कोणी?' तुझा स्वभाव काही गेला नाही. सरळ बोट ठेवतोस.

मीच धरली होती, आणखी कोण धरणार? या घरात धरणारी एकच आहे. कडेला बारीक अक्षरात लिहितोस की बायकोला माझं पत्र वाचून दाखवलंस आणि तिला काही कळलं नाही. मग तिच्यासाठी सांगते, तू ऐकत नसलास तरी चालेल.

आमच्या बाबांची रीत अशी होती की शिडी घरच्याच माणसाने धरायची. मजूर धरणार नाही, दोर बांधणार नाही. मी तेरा वर्षांची असताना त्यांनी मला म्हातारीच्या पायथ्याशी उभं केलं. दोन्ही हात दोन्ही उभ्या दांड्यांवर, एक पाय खालच्या पायरीवर, आणि नजर खाली. वर बघायचं नाही, डोळ्यांत रंग पडतो. चढणारा अधूनमधून विचारणार, "धरलीय?" आणि धरणारीने लगेच म्हणायचं, "धरलीय." जराही उशीर करायचा नाही, कारण वरच्याचा पाय त्या एका शब्दावर असतो. एवढंच काम. मी ते बत्तीस वर्षं केलं. वर कोण कितव्या पायरीवर आहे, डावा पाय टेकला की उजवा, ब्रश बुडवला की नाही, हे मला न बघता हातांतून कळतं. लुकडेकाका पादले तरी कळायचं, असं ते स्वतःच सांगत फिरायचे.

तर मी धरली होती. बाबांच्या वेळीही आणि काकांच्या वेळीही. माझे दोन्ही हात जागेवर असताना म्हातारी सरकली, यातच सगळं आलं. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय मागे गेले, जणू कोणी बोलावलं. माणसाच्या हातून चूक झाली असती तर मी कबूल केली नसती का?

जुन्या बाजारात एक बाई आहे. सगळे तिला चाचपणारी मावशी म्हणतात. लोक तिच्याकडे वस्तू घेऊन जातात. कोणाच्या खुर्चीवर बसलं की भांडण होतं, कोणाची सुरी घरच्याच माणसांना कापते. ती वस्तूवर हात ठेवते आणि आत कोणी आहे की नाही ते सांगते. तू म्हणशील ताईचं डोकं फिरलं. फिरू दे. उद्या हातगाडी करून मी म्हातारीला तिच्याकडे नेणार आहे. मला एकदाचं कळायला हवं.

तुझी ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

जाऊन आले. सांगते.

मावशीची खोली बाजाराच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर. आत एक सतरंजी आणि एक खिडकी, दुसरं काही नाही. ना टेबल, ना कपाट. चहा कागदी कपातून पिते आणि पिऊन झाला की कप लगेच फेकते. मी विचारलं तर म्हणाली, "भांडं ठेवलं की ओळख होते. मला दिवसभर पुरे होतात ओळखी." साठीची असेल. तोंड पोस्टातल्या बाईसारखं रोखठोक. धूप नाही, मंत्र नाही, डोळे फिरवणं नाही.

माझ्याआधी एक शिंपी कात्री घेऊन आला होता. तिने त्याला पहिला प्रश्न विचारला, "हे कुठून आणलंस?" सगळ्यांना ती आधी हेच विचारते. शिंप्याने सांगितलं की सासऱ्याची कात्री आहे. तिने ती ओंजळीत धरली आणि म्हणाली, "आहे, पण झोपाळू आहे. धार लावून घे." शिंपी खूश होऊन गेला. मग मी विचारलं, सगळ्याच वस्तूंत असतं का? म्हणाली, "छे गं. कपाटात जपून ठेवलेल्या चांदीत कधीच नसतं. ज्याला माणसाने रोज हातात घेतलं, राबवलं, ज्याच्यावर भरवसा टाकला, त्याच्यात येतं. भरवसा टाकल्याशिवाय कशात काही येत नाही."

म्हातारी दारातून आत येईना. मावशी बाहेर रस्त्यावर आली, हातगाडीशी वाकली आणि चौदाही पायऱ्यांवरून हात फिरवला. बराच वेळ लावला. मग तिने सांगितलं की शिडीत आहे. चांगलं नाही. मोडून टाक.

घरी आणून मी ती मागच्या अंगणात मोडली. करवतीने दोन दिवस लागले. तुझी चौथी पायरी निघता निघेना. चार खिळे आणि डिंक, बाबा पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी तू ठोकलेस तसेच. शेवटी पायरी मधून कापावी लागली, पण दोन्ही टोकं दांड्यांत घट्टच राहिली. ती फिरली नव्हती, धाकट्या. कधीच फिरली नव्हती. हे तुला लिहिताना मला रडू आलं. तुझ्या बायकोला हे वाक्य दोनदा वाचून दाखव.

सगळं जाळलं. धूर फार झाला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून खोकत खाली आल्या आणि म्हणाल्या, "कोणाला जाळतेस गं?" मी म्हटलं, म्हातारीला. त्यांनी वर जाऊन दार लावून घेतलं.

आता सुटले असं वाटतंय. हातांना मात्र सवय राहिलीय. बसल्याजागी मुठी वळतात आणि उघडतात.

तुझी ताई


३ मार्च

धाकट्या,

चार पानी पत्र. तुझ्याकडून. मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग काकूंना वाचून दाखवलं. नऊ वर्षं तू प्रत्येक शिडीची चौथी पायरी ओलांडून चढतोस, हे वाचल्यावर काकूंनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, तो लहानपणापासून हट्टी आहे.

तू येतोयस. वाचनालयाचं छत काकांच्या पडण्याने अडकलंय, ते तू करणार, आणि मग इथेच राहायचं की नाही ते बघणार. १७ तारीख मी भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे. तुझी खोली झाडली. भिंतीला ओल आली होती, ती खरवडून पुट्टी भरली, परवा प्रायमर मारीन. रंग कोणता हवा ते तूच आल्यावर सांग, मी निवडला की तू नाक मुरडणार.

तू पुढे पाठवलेली ॲल्युमिनियमची शिडी काल आली. किती हलकी आहे रे ती. मी एकटीने उचलून पडवीत लावली. तू लिहिलंस, 'कोरी शिडी आहे ताई, तिला अजून कोणी काही शिकवलेलं नाही. पूर्वीसारखं करू. मी चढतो, तू धर.'

त्याबद्दल थोडं बोलायचं होतं. वाचनालयाचं छत फार उंच आहे. हल्ली परांची बांधून मिळते. नाहीतर खाली रबराचे बूट लावून शिडी दोराने खांबाला बांधता येते. बाबांची रीत बाबांबरोबर गेली, आपण कशाला कवटाळून बसायचं? शिवाय माझं मनगट हल्ली दुखतं. धरायला एखादा माणूस ठेवू. तू म्हणशील, बाहेरच्या माणसाच्या भरवशावर मी चढत नाही. मला ठाऊक आहे तू तसंच म्हणशील. तरी विचार कर.

काल लुकडेकाकांना भेटायला गेले. आता उठून बसतात. तू येतोयस म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, एक विचारू? त्या दिवशी मी वरून आवाज दिला. धरलीय? तू म्हणालीस, धरलीय."

मी म्हटलं, हो काका.

"मग मी वाकून खाली पाहिलं. कधी पाहत नाही, पण त्या दिवशी पाहिलं."

मी विचारलं, काय पाहिलंत? तर म्हणाले, "जाऊ दे. पडताना माणसाला काहीबाही दिसतं." आणि परत छताच्या चुका काढायला लागले. दुखण्याची औषधं फार जड असतात, नर्सही तेच म्हणाली.

तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद.

तुझी ताई


१४ मार्च

धाकट्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिलं सहा तारखेला लिहिलं, दुसरं दहाला. तुला एकही मिळालेलं नाही, हे मला आज सकाळी कळलं. ते कसं, ते शेवटी सांगते. आधी जे सांगायचं ते सांगते, नाहीतर मी पुन्हा शिडीच्या आणि मावशीच्या गोष्टी सांगत बसेन.

बाबा चौथ्या पायरीवर नव्हते. अकरावीवर होते. मला हातांतून कळत होतं, अकरावी. आणि त्यांना उचलायला लोक धावले तेव्हा कोणीतरी विचारलं, कुठून पडले? मी म्हटलं, चौथ्या पायरीवरून. का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही, पण म्हटलं. ती पायरी नवी होती, पांढरी होती, सगळ्यांना दिसत होती. लोकांनी पुढचं स्वतःच जुळवून घेतलं. चौथ्या पायरीवरून पडून माणूस मरतो का, हे कोणीही विचारलं नाही. तूही नाही. तू नुसता तुझ्या हातांकडे बघत बसलास. मी ते पाहिलं आणि गप्प राहिले. वडाची साल पिंपळाला लावली आणि नऊ वर्षं तिला पाणी घालत राहिले.

त्या दिवशी सकाळी बाबांनी दुकानाची नवी पाटी बाहेर काढली होती. नावाखाली 'आणि मुलगा' असं लिहायचं होतं. अक्षरांचा रंग त्यांनी मला कालवायला सांगितला, कारण निळा माझ्यासारखा कोणाला जमत नव्हता. मी कालवला. तेव्हाच मी त्यांना विचारलं की आता तरी मला एकदा वर चढू द्या, एक तरी छत माझ्या हातचं असू दे. ते हसले. रागाने नाही, प्रेमाने हसले. म्हणाले, "तू चढलीस तर धरणार कोण?"

दुपारी शाळेच्या सभागृहात ते अकराव्या पायरीवर असताना वरून आवाज आला, "धरलीय?" मी म्हटलं, "धरलीय." आणि म्हणताना माझे हात दांड्यांवर नव्हते. ते माझ्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. ते कधी सुटले मला कळलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पण त्या क्षणी मला जे वाटलं तेही सांगते. मला हलकं वाटलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा हात माझे असल्यासारखं वाटलं. मग पाय मागे सरकल्याचा आवाज आला.

मी त्यांना मारलं का, हे मला ठरवता येत नाही. मी रागावले होते हे खरं. एवढं मात्र खरं की त्यानंतर मी मोठ्या हिकमतीने बाबांचंच बोलणं म्हातारीच्या गळ्यात बांधलं. वस्तू शिकते, एकदा टाकलं की टाकत राहते. मी ते इतक्यांदा घोकलं की माझा त्यावर पुरता विश्वास बसला. मग लुकडेकाका पडले.

त्यांच्यावर माझा काय राग असणार? त्या माणसाने मला पाटीवर अक्षरं काढायला शिकवलं. त्या दिवशी माझं मन शांत होतं, भूक लागली होती, घरी जाऊन काय करायचं एवढाच विचार डोक्यात होता. आवाज आला, "धरलीय?" मी म्हटलं, "धरलीय." आणि काकांनी खाली वाकून जे पाहिलं ते हेच की शिडीला कोणी धरलेलं नाही आणि मी फरशीकडे बघत उभी आहे.

आता मावशीचं. मी तुला खोटं लिहिलं. तिने म्हातारीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हिच्यात कोणी नाही गं. कोरडं लाकूड आहे. एवढी वर्षं हिच्यावर कोणी भरवसाच टाकलेला दिसत नाही. सगळा दुसरीकडेच टाकलाय." मी तिला म्हटलं, नीट बघा. म्हणून तिने दुसऱ्यांदा पाहिलं आणि तेच सांगितलं. मी हातगाडीशेजारी खाली बसले होते, उठताना तिचा आधार घ्यायला हात पुढे केला. तिने माझा हात तिच्या ओंजळीत घेतला, शिंप्याची कात्री घेतली होती तसाच. पालथा केला, उताणा केला. मग माझ्या तोंडाकडे न बघता, हाताकडे बघत तिने विचारलं, "हे कुठून आणलंस?"

मी म्हटलं, अहो, माझा हात आहे तो. तिने तो हळूच माझ्या मांडीवर परत ठेवला. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी रस्त्यावर हातगाडीशेजारी किती वेळ बसले होते, आठवत नाही.

तरीही मी म्हातारी जाळली, आणि वाटलं की मावशी चुकली असेल. चोराच्या मनात चांदणं. मग तुझी कोरी शिडी आली. पाच तारखेला काकूंच्या खोलीतला दिवा गेला. त्या म्हणाल्या, "ती नवी शिडी आण ना, चारच पायऱ्या चढायच्यात." मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला बघायचं होतं. मी शिडी लावली, दोन्ही हात ठेवले, आणि बाबांची रीत मोडून या वेळी हातांकडे बघत राहिले. काहीच झालं नाही. काकू चढल्या, जुना दिवा काढला. मी मनात म्हटलं, चला, सगळे नुसते मनाचे खेळ. मग दाराशी कोणीतरी आलं म्हणून मी एकदा मान वळवली. परत पाहिलं तर हात माझ्या एप्रनच्या खिशात होते. दोन्ही. तळव्यांना मात्र अजून दांड्याचा गार स्पर्श जाणवत होता, दाब जाणवत होता. मी बघितलं नसतं तर शपथेवर सांगितलं असतं की धरलीय.

काकू नीट उतरल्या. म्हणाल्या, "घट्ट धरतेस हो." मी जिन्यात बसून राहिले.

म्हणून दुसऱ्याच दिवशी तुला सगळं लिहिलं. पाकीट बंद केलं, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले, टाकलं आणि परत आले. उत्तर आलं नाही, तेव्हा वाटलं तू रागावलास, रागवायलाच हवं. दहा तारखेला पुन्हा लिहिलं, पुन्हा टाकलं. आज सकाळी तुझं कार्ड आलं, 'ताई, आठवडाभर एक ओळ नाही, तब्येत बरी ना? सोळाला संध्याकाळच्या गाडीने निघतो, शिडी तयार ठेव.' मग जाऊन कोट झटकला. दोन्ही पाकिटं आतल्या खिशात होती. नीट घडी घालून, एकावर एक. ती पेटीत पडल्याचं मला स्पष्ट आठवतंय, धाकट्या. झाकण कोणत्या आवाजाने मिटलं तेही आठवतंय.

पहिलं तुला मिळालं असतं तर आठवडा मोकळा होता. आता दोनच दिवस आहेत, आणि पोस्टाला दोन दिवस लागतात.

मी हे लिहिताना पेनाकडे बघते आहे, एकदाही नजर काढलेली नाही. बघत असले की हात नीट वागतात. पण माणूस किती वेळ बघणार?

तू येऊ नकोस असं मला लिहायचं नाही. ये. खोलीला प्रायमर मारलाय, भिंत कोरडी आहे. लुकडेकाका वाट बघतायत. तुझ्या मानेवर मी ठेवलेलं ओझं माझ्याच तोंडून उतरलेलं तुला ऐकायला मिळायला हवं, आणि ऐकून तू मला जे बोलशील ते मला ऐकायला हवं. पोलिसांत जायचं म्हणालास तर मी तुझ्याबरोबर येईन. पण वाचनालयात मी आत पाऊल टाकणार नाही. तू परांची बांध, माणसं ठेव, काहीही कर. आणि आल्यावर मी दारात हसून म्हणाले की ते पत्र विसर, ताईचं डोकं फिरलं होतं, चल मी धरते, तर माझं ऐकू नकोस. मी ते अगदी खरं वाटेल असं म्हणेन. मी तुझ्यासमोर रडेनसुद्धा. बत्तीस वर्षांत माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही, बाबांनीही नाही.

पाकिटावर तिकीट लावलंय. पेटीपर्यंत मी जाणार नाही. काकूंना हाक मारली आहे, त्या जिना उतरतायत, मला त्यांच्या चपला ऐकू येतायत. पत्र त्यांच्याकडे देणार आहे आणि सांगणार आहे, आत्ताच्या आत्ता टाका, आणि मी मागून पळत आले, काहीही कारण सांगितलं, तरी मला परत देऊ नका.

तुझी ताई